खरेदीच्या रकान्यात शून्य : शेअर ट्रेडिंग आणि आयकर रिटर्न, वाचकांची प्रश्नोत्तरे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की अडत, हमाली, तोलाई पैशापर्यंत वहीत उतरते. त्याच घरातला मुलगा मोबाइलवर दिवसाला तीस ऑप्शन (शेअर ठरल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काचे करार) घेतो-विकतो, आणि रिटर्नच्या दिवसांत मला विचारतो, ‘सर, अ‍ॅपमध्ये सगळं असतंच ना?’ सगळं नसतं. गेल्या वर्षभरात आलेल्या प्रश्नांतला निम्म्याहून जास्त गोंधळ इथूनच सुरू होतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो. खालची उत्तरं २०२५-२६ या आर्थिक वर्षाची आहेत. त्याचं रिटर्न १९६१ च्याच आयकर कायद्याप्रमाणे भरायचं आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या सौद्यांना २०२५ चा नवा कायदा लागतो.

एफ अँड ओचा (फ्युचर्स आणि ऑप्शन, म्हणजे वायद्याच्या सौद्यांचा) नफा द्राक्षबागेच्या उत्पन्नात दाखवला तर चालेल का? शेतीला टॅक्स नसतो. (तासगाव)

नाही. आणि हे सुचवणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

मी शिक्षक आहे. ऑप्शनमध्ये १ लाख ४० हजार तोटा झाला. पगारातून वजा करून टीडीएस परत मिळेल, असं सहकारी म्हणतात. (मिरज)

पगारातून धंद्याचा तोटा वजा होत नाही. एफ अँड ओ हा धंदा धरला जातो, पण तो सट्टा नव्हे. त्यामुळे त्यातला तोटा बँकेच्या व्याजातून किंवा घरभाड्यातून त्याच वर्षी वजा करता येतो, आणि उरलेला पुढची ८ वर्षं धंद्याच्या नफ्यातून. इंट्राडेचं, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकलेल्या शेअरचं, तसं नाही. तो सट्टा, म्हणून त्याचा तोटा फक्त सट्ट्याच्या नफ्यातून वजा होतो आणि ४ वर्षंच पुढे नेता येतो. फॉर्म आयटीआर-३ लागेल, एक किंवा दोन नाही.

दोन गोष्टी तुम्ही विचारलेल्या नाहीत, तरी सांगतो. धंद्याचं उत्पन्न असलेल्या माणसाला जुनी-नवी करप्रणाली दरवर्षी हवी तशी बदलता येत नाही. जुनी हवी असेल तर मुदतीच्या आत १०-आयईए हा फॉर्म भरावा लागतो, आणि तिथून एकदा नवीत परतलात की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही. दुसरं असं की सरकारी सेवकांच्या वर्तणूक नियमांना शेअरमधला सट्टा चालत नाही. तुमच्या सेवेला कोणते नियम लागू आहेत ते कार्यालयात विचारा, स्टाफरूममध्ये नको.

तीन वर्षं तोटाच झाला, म्हणून रिटर्न भरलंच नाही. आता नफा झालाय. जुना तोटा वजा होईल ना? (इस्लामपूर)

नाही होणार. तोटा पुढे न्यायचा तर त्या-त्या वर्षाचं रिटर्न मुदतीत भरलेलं असावं लागतं. एक दिवस उशीर झाला तरी हा हक्क जातो. ‘उत्पन्नच नाही, मग रिटर्न कशाला’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ऑफिसच्या दारावर त्याचा उलटा बोर्ड लावावा म्हणतो. नफ्याच्या वर्षी रिटर्न चुकलं तर दंड-व्याज भरून सुटता येतं. तोट्याच्या वर्षी चुकलं की ते वर्ष हातचं गेलं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या अभ्यासाप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या १०० वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ जणांचा तोटा झाला. म्हणजे हा नियम मोजक्यांसाठी नाही, जवळजवळ सगळ्यांसाठी आहे. उशीर माफ करण्याच्या अर्जाची वाट कायद्यात आहे, पण ती अरुंद आहे. कागद घेऊन तुमच्या सीएला भेटा, या आठवड्यातच.

ब्रोकर बदलला. जुन्या डिमॅटमधून रिलायन्सचे शेअर नव्यात आणले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये १५० विकले. रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रोकरचा रिपोर्ट टाकला तर सगळी विक्री नफा म्हणून आली. ‘ऑटो-फाइल’चं बटण दाबू का? (विश्रामबाग)

दाबू नका, आणि जरा बसा. याच प्रश्नासाठी हे सदर लिहायला घेतलं.

शेअर एका डिमॅटमधून दुसऱ्यात येतात, पण त्यांची खरेदी किंमत बरोबर येईलच असं नाही. नव्या ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये खरेदीच्या रकान्यात शून्य किंवा रेघ दिसते. सॉफ्टवेअर ते शून्य खरं मानतं, कारण त्याला शंका येत नाही. शंका घ्यायचं काम तुमचं.

समजा, तुम्ही २०२१ मध्ये २,००० रुपयांनी १०० शेअर घेतले होते. खर्च २ लाख. २०२३ मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, तेव्हा कंपनीने दिलेल्या प्रमाणाप्रमाणे त्या खर्चातला ४.६८ टक्के भाग, म्हणजे ९,३६० रुपये, जिओच्या शेअरकडे गेला. रिलायन्सवर उरले १,९०,६४०. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक फुकट शेअर, आला. त्या नव्या १०० शेअरची खरेदी किंमत खरोखरच शून्य, आणि त्यांची मुदत बोनस मिळाल्या दिवसापासून मोजायची. आता १५० विकले, तर जे आधी आले ते आधी गेले असं धरायचं. पहिले १०० दीर्घ मुदतीचे, प्रत्येकी खरेदी १,९०६ रुपये ४० पैसे. उरलेले ५० बोनसचे. त्यांना वर्ष झालेलं नाही, म्हणून ते अल्प मुदतीचे आणि कर २० टक्के. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के.

एका विक्रीत दोन दर, दोन मुदती आणि दोन प्रकारची किंमत. त्यातलं एक शून्य खरं आणि एक खोटं. हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? जुन्या ब्रोकरकडून काँट्रॅक्ट नोटा (सौद्याच्या पावत्या) आणि खरेदीचं स्टेटमेंट मागवा, खातं बंद केलं असलं तरी.

उलट्या बाजूनेही फसगत होते. आयकर खात्याच्या एआयएसमध्ये (वार्षिक माहिती पत्रकात) विक्री दिसते, पण तिथली खरेदी किंमत बऱ्याचदा अंदाजाची असते, आणि एफ अँड ओचा हिशेब तिथे मिळेल असं धरून चालू नका. ‘एआयएसशी जुळलं म्हणजे झालं’ हा तर मला सर्वात धोकादायक गैरसमज वाटतो. चुकीचा आकडा असेल तर तिथेच हरकत नोंदवता येते. ती नोंदवा, आकडा गिळू नका.

सॉफ्टवेअरवर माझा राग नाही. हजार सौद्यांची बेरीज मी हाताने करत नाही, कुणी करू नये. पण इंट्राडे सट्ट्यात, एफ अँड ओ धंद्यात आणि डिलिव्हरी (डिमॅटमध्ये जमा करून घेतलेले शेअर) भांडवली नफ्यात गेली की नाही, हे डोळ्यांनी बघावं लागतं. एफ अँड ओचा तोटा चुकून सट्ट्याच्या रकान्यात गेला, तर ८ वर्षांची मुभा ४ वर होते. डिलिव्हरीचे शेअर गुंतवणूक धरायचे की धंद्याचा माल, हे ठरवायला सीबीडीटीच्या (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या) २०१६ च्या परिपत्रकाने बरीच मोकळीक दिली आहे, पण एकदा घेतलेली भूमिका दरवर्षी फिरवता येत नाही. आणि ‘रिफंड आला की टक्केवारी द्या’ म्हणणारा कोणीही असो, त्याच्या हातात पासवर्ड देऊ नका. खोट्या वजावटी तो दाखवतो, नोटीस तुम्हाला येते.

माझी ऑप्शनची उलाढाल ४० कोटी दिसते. ऑडिट लागणार असं टेलिग्रामवर सांगतात. (पलूस)

४० कोटी हा काँट्रॅक्टच्या किमतीचा आकडा असावा. टर्नओव्हर म्हणजे प्रत्येक सौद्यातल्या फरकांची बेरीज, उणे-अधिक चिन्ह सोडून. एका सौद्यात ८,००० मिळाले, दुसऱ्यात ११,००० गेले, तर टर्नओव्हर १९,०००. रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर ऑडिटची मर्यादा १० कोटी आहे. मात्र पूर्वी कधी ठोक नफ्याच्या योजनेत (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा धरून) रिटर्न भरलं असेल तर गणित बदलतं. मागची रिटर्नं घेऊन सीएला दाखवा.

एकूण उत्पन्न ९ लाख, त्यात २ लाख शेअरचा अल्प मुदतीचा नफा. १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही ना? (विटा)

उरलेल्या ७ लाखांना नाही. त्या २ लाखांवर आहे : २० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ४१,६०० रुपये. नव्या प्रणालीतली सवलत या खास दराच्या उत्पन्नाला मिळत नाही.

अडत दुकान आहे. हळदीच्या वायद्यात तोटा झाला. तो सट्टा का? (सांगली)

मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचा, ब्रोकरच्या नोटेसह झालेला सौदा असेल तर नाही. दुकानाच्या नफ्यातून वजा होईल. ‘डब्ब्या’वर, म्हणजे एक्स्चेंजबाहेर बेकायदा, केला असेल तर मला विचारू नका, वकिलाला विचारा.

पत्नीच्या नावाने खातं उघडून माझ्या पैशाने ट्रेडिंग करतो. (जत)

तर ते उत्पन्न तुमच्यात धरलं जाऊ शकतं. पैसे तिचे की तुमचे, दिले की उसने, यावर अवलंबून आहे. दोघांची बँक स्टेटमेंटं घेऊन सीएकडे जा.

आगाऊ कर न भरता मार्चनंतर एकदम भरला तर? (कवठेमहांकाळ)

वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर महिन्याला १ टक्का व्याज. १५ जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च या तारखा कॅलेंडरवर लिहा.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? (अनेक वाचक)

नाव सांगणार नाही. ज्यात खरेदीची किंमत हाताने दुरुस्त करता येते आणि सगळ्या ब्रोकरांचे रिपोर्ट एकत्र घेता येतात, ते घ्या. भेटायला येताना मात्र एक्सेल फाइल आणा. मोबाइलचे स्क्रीनशॉट मी बघत नाही.