वाघ्याला काय खाऊ घालू?

प्रश्न : आमचं घर वेंगुर्ल्याजवळच्या गावात आहे. आमचा कुत्रा वाघ्या ११ वर्षांचा आहे. गेले काही महिने तो पाणी खूप पीत होता, वाळतही चालला होता. उलट्या सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरांना दाखवलं. किडन्या खराब झाल्यात, क्रिएटिनिन ३.६ आहे, मीठ आणि मासे बंद करा, असं ते म्हणाले. पण माझी पाठ वळली की सासूबाई त्याला सुका बांगडा घालतात. ‘मरूचोच आसा, तर पोटभर खावन तरी मरांदे’ म्हणतात. रात्री पडवीत मुततो म्हणून मी पाण्याचं भांडं उचलून ठेवते. मुंबईहून दीर सांगतात, इंजेक्शन देऊन सोडवा त्याला. काय करू? (नाव छापू नये.)

ताई, पाण्याचं भांडं आज रात्रीपासून त्याच्याजवळच राहू द्या. खराब झालेल्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही. शरीरातलं पाणी सारखं निघून जातं, म्हणून तो पितो. पाणी तोडलं तर लघवी थांबत नाही, अंग मात्र आतून सुकतं आणि जेवढी किडनी काम करतेय तिलाही मार बसतो. झोपण्याआधी एकदा आणि पहाटे एकदा त्याला बाहेर न्या, पडवीत जुनी गोणपाटं अंथरा. तुम्ही हे मुद्दाम केलं नाहीत, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. आजार लवकर ओळखला नाही म्हणूनही नको. किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम गेल्याशिवाय क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, वाढतच नाही.

३.६ हा आकडा किडनीच्या आजाराच्या चार टप्प्यांतल्या तिसऱ्या टप्प्यात मोडतो. गेलेली किडनी परत येत नाही, पण नीट सांभाळलेले कुत्रे या टप्प्यावरही बऱ्याचदा कित्येक महिने बऱ्यापैकी जगतात. डॉक्टरांना फॉस्फरस, पोटॅशियम, लघवीतली प्रथिनं आणि रक्तदाब तपासायला सांगा. आणि उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचं जरूर विचारा. आपल्याकडे पावसात शेताच्या बांधावर, साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळतं आणि कुत्री तिथूनच फिरून येतात. तो लेप्टो निघाला तर औषध वेगळं, आणि घरातल्या माणसांनाही धोका. निकाल येईपर्यंत त्याची लघवी हातमोजे घालून पुसा, जागा ब्लीचिंग पावडरीच्या पाण्याने धुवा. हातापायाला जखम असेल त्याने ते काम करू नये.

आता सासूबाई. त्यांच्या हातचं खाऊन वाघ्या ११ वर्षं वाढला. त्याला भरवायचं नाही म्हटलं की त्यांच्या हाती उरतं काय? त्यांना चोरून घालावं लागतंय, याचं मला जास्त वाईट वाटतं. भरवणं त्यांच्याकडेच सोपवा, फक्त ताटलीत काय पडेल ते बदला. सुक्या बांगड्यात मीठ आहेच, पण खरा शत्रू फॉस्फरस. तो सुकटीत, माशाच्या डोक्यात, हाडांत, कलेजीत भरपूर असतो. रक्तात साठला की मळमळ वाढते, किडनी आणखी लवकर झिजते. हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकवा. पुढच्या खेपेला त्यांनाही सोबत घेऊन जा, सुनेने सांगण्यापेक्षा ते त्यांना पटेल.

पांढऱ्या तांदळाची अळणी मऊ पेज, त्यात उकडलेल्या अंड्याचा फक्त पांढरा भाग, थोडा लाल भोपळा आणि चमचाभर तूप, हे सासूबाईंना सहज जमेल. कांदा-लसणाचं कालवण अजिबात नको. महिनोन् महिने एवढ्यावर भागत नाही, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं डॉक्टरांकडून ठरवून घ्या. परवडत असेल तर किडनीच्या रुग्णांसाठीचं तयार खाद्य मिळतं. पण तो मळमळत असताना नवीन अन्न पुढे करू नका, त्याचा कायमचा तिटकारा बसतो. आधी उलटीचं औषध, मग कोमट करून थोडं थोडं. नवं अन्न खाल्लंच नाही, तर उपाशी ठेवण्यापेक्षा तो खातो ते साधं अन्न द्या आणि लगेच डॉक्टरांना कळवा.

गावात कुणी शहाळ्याचं पाणी सुचवेल, कुणी घेटुळीचा काढा. शहाळ्यात पोटॅशियम बरंच असतं, तेव्हा तपासणी झाल्याशिवाय नको. काढाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. माणसांच्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या तर त्याच्या जवळपासही नकोत.

डॉक्टर म्हणाले तर कातडीखाली सलाइन द्यायला शिका. मानेमागची सैल कातडी उचलून सुई घालतात, तिथे पाण्याचा फुगा येतो आणि हळूहळू जिरतो. हृदयाचा त्रास नाही ना, ते आधी तपासून घ्यायचं. प्रत्येक वेळी नवी सुई. पहिल्यांदा हात थरथरेल. दवाखान्यात दोनदा त्यांच्यासमोर करून बघा, मग घरी जमतं.

दिरांवर रागावू नका. लांबून त्यांना फक्त ‘उलट्या करतोय’ एवढंच ऐकू येतं. पण निर्णय त्यांनी फोनवर घ्यायचा नाही. कालनिर्णयच्या त्या-त्या तारखेवर रोज खूण करा : आज खाल्लं का, उठून दारापर्यंत आला का, हाक मारल्यावर शेपटी हलवली का. औषध देऊनही वाईट दिवस सलग येऊ लागले, उलटी थांबेना, उभं राहवेना, तर इंजेक्शनचा विचार करण्यात क्रूरपणा नाही. डॉक्टर भूल देतात तशाच औषधाची मोठी मात्रा देतात, त्याला झोप लागते. खर्च किती झेपेल तेही नवऱ्याशी आत्ताच स्पष्ट बोलून घ्या, म्हणजे त्या दिवशी पैशावरून भांडण होणार नाही. आणि ती वेळ आलीच, तर सासूबाईंना न सांगता काही करू नका. त्यांना त्याच्या उशाशी बसायचं असेल तर बसू द्या.