एका चुकीवरून अख्ख्या जन्माचा निकाल

प्रश्न: ताई, मी २४ वर्षांचा, सोलापुरात चादरीच्या दुकानात हिशोब बघतो. महिन्यापूर्वी एका बिलात चूक झाली, मालक नुसतं 'नीट बघ रे' म्हणाले, पण तेव्हापासून डोक्यात एकच, आपल्याला काहीच जमत नाही, आता काढणारच. झोप नाही, शेंगाचटणी-भाकरीपण गोड लागेना. हे डिप्रेशन का?

उत्तर: अरे, चूक एका बिलात अन् निकाल अख्ख्या जन्माचा! अमेरिकेतले डॉक्टर एरन बेक यांनी १९६० च्या दशकात हेच मांडलं, डिप्रेशनमधल्या माणसाला स्वतः, जग आणि भविष्य तिन्ही काळंच दिसतं. मग काय होतं, वाईट विचार आला की मन खचतं, खचलं की सिद्धेश्वर तलावाकडची संध्याकाळची चक्करपण बंद, आणि घरात बसून परत तेच विचार. नुसतं 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो. तू हिशोबवाला ना, मग वहीत दोन रकाने पाड, एकीकडे 'काढणारच', दुसरीकडे त्याला पुरावा काय ते. बाकी पत्रावरून निदान होत नाही, पण दोन आठवड्यांच्या वर चाललंय म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवच. आणि रात्री जगूच नये असं वाटलं तर थांबू नको, १४४१६ लाव, टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलता येतं.