'किड ए'मधली भरतीची गाणी कोणती?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'किड ए' या अल्बमवर (२०००) दहापैकी खरी गाणी चारच. 'हाऊ टू डिसअपिअर कम्प्लीटली', 'ऑप्टिमिस्टिक', 'इडिओटेक' आणि शेवटचं 'मोशन पिक्चर साउंडट्रॅक'. बाकीची भरतीची, आणि त्यातलं 'ट्रीफिंगर्स' तर सरळ उडवायला हवं होतं. दुसरा पक्ष म्हणतो, उडवायचं तर 'ऑप्टिमिस्टिक' उडवा, ते जुन्या, गिटारवाल्या रेडिओहेडचं उरलंसुरलं आहे. मला दोन्ही यादीत गडबड दिसते. काढायचंच तर मी 'इन लिम्बो' काढीन. त्याबद्दल पुढे.

आधी 'ट्रीफिंगर्स'. त्यात गिटार नाही, ढोल नाही, गाणारा नाही, अशी तक्रार असते. शेवटच्या दोन गोष्टी कबूल. पण गिटार आहे, किंबहुना बहुतेक तेच आहे! बँडचा गिटारवादक एड ओ'ब्रायनने वाजवलेले तुकडे संगणकावर ताणून, विरघळवून ते तयार केलंय. आपल्याकडे मुंबईत बऱ्याच जणांचा रॉकचा कान धोबी तलावच्या रंगभवनात, 'इंडिपेंडन्स रॉक' या रॉक मैफिलीच्या गर्दीत तयार झाला. रिफ म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, मग सोलो, मग सगळ्यांनी मिळून ओरडायची ओळ. हे तिन्ही नसलं की आपण हात झटकतो. सुटं गाणं म्हणून 'ट्रीफिंगर्स' मीही कधी लावत नाही. पण ते 'हाऊ टू डिसअपिअर'च्या लगेच नंतर येतं, हे विसरू नका. त्या गाण्याच्या शेवटी व्हायोलिनं अशी काही वर चढतात की त्यानंतर थेट 'ऑप्टिमिस्टिक'चे ड्रम आले असते तर दोन्ही गाण्यांची माती झाली असती. आणि कृपा करून अंधेरी-चर्चगेट फास्टमध्ये साध्या इअरफोनवर ऐकून त्यावर मत देऊ नका. तिथे चाकांच्या आवाजाखाली ते ऐकूच येत नाही, मग 'काही घडतच नाही' असं वाटणारच.

'हाऊ टू डिसअपिअर'वर दोन्ही पक्षांचं एकमत आहे, पण कारण कुणी सांगत नाही. माझ्या मते कारण ऑन्ड मार्टेनो. १९२८ साली लोकांसमोर आलेलं हे फ्रेंच विजेवरचं वाद्य. यात बोटात अंगठी घालून ती तारेवरून सरकवता येते, त्यामुळे एका सुरातून दुसऱ्यात मधली जागा न सोडता जाता येतं. म्हणजे चक्क मींड. बँडमधल्या जॉनी ग्रीनवुडने ते या गाण्यात थरांवर थर देऊन वाजवलंय आणि त्याला जोड दिलीय डॉर्चेस्टर ॲबे या जुन्या चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या तंतुवाद्यांची. कुठलं वाद्य कुठे संपतं ते कळत नाही. बँडचा गायक थॉम यॉर्क 'मी इथे नाहीच' असं गातो, तेव्हा खालची जमीनही सरकत असते.

तेच वाद्य 'किड ए' या शीर्षकगीतात आहे, आणि तुम्ही ते भरतीत टाकलंत याचं मला खरंच वाईट वाटलं. तिथे यॉर्कचे शब्द व्होकोडरमधून (माणसाचा आवाज वाद्याच्या सुरात मिसळणाऱ्या यंत्रातून) काढून त्यांना सूर ऑन्ड मार्टेनोने दिलेत. बोलणारा एक, सूर दुसऱ्याच्या हातात. शब्द धड कळत नाहीत, तरी शेवटाकडे अंगावर काटा येतो. 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस'ही तसंच: प्रॉफेट-५ सिंथेसायझर आणि तुकडे तुकडे केलेला आवाज, बस. तबला शिकलेल्यांनी बोटांवर मोजून बघावं. दहा मात्रा भरतात, पण झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन खंड लावायला गेलात तर फसाल.

'नॅशनल अँथम'मध्ये बास गिटार यॉर्कने स्वतः वाजवलाय. वरच्या ब्रासच्या, म्हणजे फुंकवाद्यांच्या, कल्लोळामागे जॅझ संगीतकार चार्ल्स मिंगसची प्रेरणा होती, आणि वादकांना 'ट्रॅफिक जॅमसारखं वाजवा' असं सांगितलं होतं म्हणे. संध्याकाळी सायनला अडकलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. हे गाणं यादीत नसणं हा तुमचा सगळ्यात मोठा घोळ.

आता 'इडिओटेक'. त्यातले ते चार कॉर्ड पॉल लान्स्की या अमेरिकन संगीतकाराच्या १९७३ सालच्या संगणकावर केलेल्या रचनेतून उचललेत. नाचायचं गाणं म्हणून त्याचं कौतुक होतं, ते मला पटत नाही. ते कॉर्ड फिरत राहतात, पण समेवर आल्याचं समाधान कधीच देत नाहीत. खाली यंत्र थांबायला तयार नाही आणि वर माणसाला धाप लागलीय. गाण्याचा जीव त्या धापेत आहे. उत्तम गाणं, पण या अल्बमचा कळस नाही. माझ्यासाठी तो मान 'हाऊ टू डिसअपिअर'चाच.

'ऑप्टिमिस्टिक' चांगलं आहे, एवढंच. पाच जण एका खोलीत बसून वाजवताहेत असं वाटणारं इथलं बहुधा एकमेव गाणं. या अल्बममधून अधिकृत सिंगल एकही निघालं नाही, पण रेडिओवाल्यांना वाजवायला प्रामुख्याने हे दिलं होतं. कारण उघड आहे. त्याच्या शेपटाला ठेका अचानक बदलतो आणि तिथून 'इन लिम्बो' सुरू होतं. गिटारचे गोल गोल फिरणारे सूर, त्यात बुडत जाणारा आवाज. हरवल्यासारखं वाटावं हा हेतू कळतो, पण जे हरवायचं ते आधी हाती तरी लागायला हवं ना? त्यातली एक ओळ मला आज गुणगुणता येत नाही. शीर्षकगीताचे शब्द कळत नसूनही ते येतं.

'मोशन पिक्चर साउंडट्रॅक'बद्दल आपलं जमतं. पायाने भाता मारायचं ऑर्गन आहे ते. संगीत नाटकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकलेल्या घरात तो आवाज परका वाटायचं कारण नाही. गाणं संपलं म्हणून लगेच बंद करू नका, शांततेनंतर आणखी थोडं आहे.

राहिलं 'मॉर्निंग बेल'. पाच मात्रांचं, ड्रम पुढे ढकलत नेणारं. त्याचंच संथ रूप २००१ च्या 'ॲम्नेझिॲक' या त्यांच्या पुढच्या अल्बमवर आहे, आणि तेच श्रेष्ठ असं म्हणणारे बरेच भेटतात. दोन्ही लागोपाठ ऐका. मला संथ रूप फार सजवलेलं वाटतं, घर मोडण्याबद्दलचं गाणं असं कोरडंच बरं.