बाहेरून कडी लावून जाते, मी पापी आहे का?

प्रश्न: सासूबाई ७१ वर्षांच्या. जन्मभर विड्या वळल्या. आता नातवंडांची नावं विसरतात, स्वतःच्या घरात बसून ‘मला घरी सोडा’ म्हणतात. दिवाळीत बाजारात हरवल्या, रात्री सापडल्या. डॉक्टर म्हणाले डिमेन्शिया आहे, चोवीस तास बाई ठेवा. त्या बाईचा पगार माझ्या विड्या आणि नवऱ्याचा यंत्रमाग मिळून येतो तेवढा. माल द्यायला कारखान्यात जाते तेव्हा बाहेरून कडी लावते. नणंद म्हणते, सून छळते. पत्र मुलीने लिहून दिलंय.
– एक सून, सोलापूर

ताई, पाप काढू नका. चोवीस तासांची बाई ठेवायचा सल्ला ज्याला परवडतो त्याच्यासाठी आहे. परवडत नाही त्या घरात ती बाई म्हणजे सून, आणि तिला पगार नाही. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. बायकांत, खेड्यात आणि शाळा न पाहिलेल्यांत तो जास्त. म्हणजे जिथे पैसा कमी, तिथेच हे ओझं जड.

पण बाहेरून कडी लावणं थांबवा, आजच. स्टोव्ह भडकला तर आतल्या माणसाला कोण बाहेर काढणार? तुमच्या गल्लीत दारात सूप घेऊन विड्या वळत बसलेली एखादी बाई असेलच. तेवढा वेळ सासूबाईंना तिच्याशेजारी बसवा, बदल्यात तिचा माल तुम्ही पोचवा. परकराच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवा.

मग सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या ओपीडीत न्या. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, डोक्याला लागलेला जुना मार यांनीही माणूस असाच विसरतो, आणि यातलं बरंचसं उपचाराने सुधारतं. आधी ते तपासून घ्या. आणि डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा: सासूबाई शाळेत गेल्या नसतील तर ते. घरात तेलुगू बोलत असाल तर तेही. स्मरणशक्तीच्या चाचणीत वाक्य लिहायला, चित्र काढायला सांगतात. जिने हातात पेन्सिल धरली नाही तिचे गुण आजाराने नव्हे, शाळेअभावी कमी येतात.

सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो. काढून ठेवा, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येतं. घरी उठवणं, धुणं, रात्री जागणं, याचे पैसे त्यातून मिळत नाहीत. मला याचा राग येतो. श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० मिळत नसतील तर उत्पन्नाचा दाखला काढून तहसीलला अर्ज करा. रात्री जीव घाबरला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, तुमच्यासाठीसुद्धा.

नणंदेशी भांडू नका. महिन्यातले आठ दिवस आईला न्या, नाहीतर गोळ्यांचा खर्च उचला, एवढंच सांगा. आठ दिवसांत छळ कोण कोणाला करतं ते तिलाच कळेल. आणि हो, अख्ख्या पत्रात तुमच्या नवऱ्याचा उल्लेख एकदाच आलाय, तोही कमाईपुरता. आई त्यांची आहे. कारखान्यातून आल्यावर एक तास त्यांचा.

शेवटी मुलीने एक ओळ घातली आहे: आजी रात्री गोधडीची कड दोन बोटांत धरून वळत बसते, आणि आई ओरडते. ओरडू नका. नावं पुसली तरी हातांची सवय फार उशिरा जाते. संध्याकाळी तुमच्या शेजारी बसवून त्यांच्या मांडीवर सूप द्या, त्यात ओली केलेली टाकाऊ पानं आणि दोरा. तंबाखू नको, कात्री तर नकोच. वळलेल्या सगळ्या छाटात, म्हणजे नापास मालात जातील, जाऊ द्या. तासभर तरी शांत बसतात का, ते मुलीकडून लिहून कळवा.