‘ताशी २० नॉट’ म्हणावं का?

परभणीचा एक विद्यार्थी मर्चंट नेव्हीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतोय. ‘जहाजाचा वेग ताशी २० नॉट’ हे वाक्य त्यानं कुठंतरी वाचलं. हे बरोबर आहे का, नि नॉटला मराठीत ‘गाठ’ म्हणावं का, असं तो विचारतो.

बाळा, त्यातलं ‘ताशी’ काढून टाक. नॉट हे अंतर नव्हे, तो वेगच आहे. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. ‘जहाज २० नॉटनं चाललंय’ एवढं पुरे. चक्रीवादळाच्या बातम्यांतही हा ‘ताशी’ फुकटचा घुसतो.

सागरी मैल १,८५२ मीटरचा. आकडा विचित्र दिसतो, पण तो पृथ्वीच्या मापातून आलाय. अक्षांशाच्या एका अंशाची ६० मिनिटं, आणि त्यातलं एक मिनिट म्हणजे साधारण एक सागरी मैल. लातूर १८ अंश २४ मिनिटांच्या आसपास, नांदेड १९ अंश ९ मिनिटांच्या. म्हणजे लातूरपेक्षा नांदेड ४५ सागरी मैल, सुमारे ८३ किलोमीटर, उत्तरेला आहे. (पूर्वेकडं किती, ते वेगळं मोजावं लागेल.) नकाशाच्या कडेवरच्या अंशांवरून असं अंतर काढता येतं, म्हणून दर्यावर्दींनी हा मैल सोडला नाही.

आता गाठ. नॉटचा मूळ अर्थ खरोखर गाठच आहे. दोराच्या टोकाला लाकडाची फळी बांधून ती जहाजामागं पाण्यात सोडायची. दोराला ४७ फूट ३ इंचांवर एकेक गाठ. २८ सेकंदांची वाळूची घटिका रिकामी होईपर्यंत हातातून जितक्या गाठी सरकल्या, तितके नॉट. त्या लाकडाला ‘लॉग’ म्हणत. वेगाच्या नोंदींची वही ती लॉगबुक, आणि आपण मोबाइलवर करतो ते ‘लॉगइन’ही तिथूनच आलंय. तरी ‘जहाज वीस गाठींनी चाललं’ असं लिहू नये. कोणालाच बोध होणार नाही, नॉटच ठेवावा.

फॅदम या पाण्याची खोली मोजण्याच्या मापाचं मात्र तसं नाही. तिथं आपला ‘वाव’ हा शब्द तयार आहे आणि तोच वापरावा, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही हात पसरून दोर धरला की एक वाव. फॅदम सहा फुटांचा, आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थही पसरलेले हात असाच. आपल्याकडं विहिरीची खोली परसात सांगतात. परस म्हणजे पुरुष. समुद्रावर माणूस आडवा धरला, मराठवाड्यात उभा.

मराठीत ‘जहाजानं नांगर टाकला’ म्हणतात, तो शेतातला नांगर नव्हे. शेतातला संस्कृत ‘लांगल’पासून आला, जहाजाच्या नांगराचं नातं फारसी ‘लंगर’शी. नांदेडच्या गुरुद्वारात आपण ज्या लंगरला बसतो, तोही फारसीत हाच शब्द: जहाजाचा नांगर आणि अन्नछत्र, दोन्ही अर्थ. सुकाणू अरबी ‘सुक्कान’वरून आलं.

संक्षेपांत दोन ठिकाणी जपून राहा. ‘एनएम’ सागरी मैलासाठी लिहितात, पण भौतिकशास्त्राच्या पेपरात तोच नॅनोमीटर असतो. आणि संकटात मदत मागण्याची खूण असलेल्या ‘एसओएस’ला पूर्ण रूप नाही. मोर्स या टिंब-रेषांच्या संकेतलिपीत तीन टिंबं, तीन रेषा, तीन टिंबं सलग वाजवायला नि ओळखायला सोपी, म्हणून ही खूण ठरली. ‘सेव्ह अवर सोल्स’ लोकांनी नंतर जोडलं.