फाइल उघडते म्हणजे ती शाबूत आहे असं नाही

अरे, चादरींच्या जॅकार्ड (विणायच्या नक्षीच्या) डिझाइन तू दोन डिस्कच्या मिररवर, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत अशा, ठेवल्या आहेस, बरं केलंस. पण दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती, हे लिनक्सच्या साध्या रेडला (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या व्यवस्थेला) कळत नाही. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी) चेकसम, म्हणजे बदल ओळखायचे पडताळणीचे आकडे, ठेवते तेही फक्त मेटाडेटाचे, म्हणजे फाइलींबद्दलच्या नोंदींचे. डिझाइनमधला एखादा बिट पलटला तर ती गप्पच.

झेडएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम प्रत्येक ब्लॉक (डेटाचा तुकडा) वाचताना तपासते, बिघडलेला दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त करते. फक्त दोन्ही डिस्क थेट तिच्याच ताब्यात दे. मध्ये हार्डवेअर रेड (रेडचं काम करणारं वेगळं कार्ड) घातलंस तर तिला एकच डिस्क दिसते. चूक कळते, सुधारता येत नाही.

ईएक्सटी४च हवी? मग रेडच्या खाली, प्रत्येक डिस्कवर डीएम-इंटेग्रिटी हा चेकसम ठेवणारा लिनक्सचा थर बसव. त्याच्या जर्नलमुळे (आधी तिथे, मग जागेवर असं दोनदा लिहिल्याने) लिहिणं मंदावतं, चालायचंच. स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणं, महिन्याला. आणि सोलापूरची वीज तुला माहीत आहेच, यूपीएस आधी घे.