दहा मिनिटं चेंडू सोडा, मुलाची मान बघा

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. लहानपणापासून फॉरवर्ड खेळायचा, भरपूर गोल करायचा. वर्षभरापूर्वी प्रशिक्षकांनी त्याला मिडफिल्डला, म्हणजे मधल्या फळीत आणलं आणि गोल जवळजवळ थांबले. एका अकादमीने ट्रायलनंतर ‘अंगाने लहान आहे’ म्हणून परत पाठवलं. आता एक जण सारखा फोन करतो. पैसे भरले तर परदेशी क्लबशी करार करून देतो म्हणतो. मुलगा शाळा सोडून पूर्ण वेळ खेळायचं म्हणतोय. त्याला मागे ढकललंय का? या जागेवर भवितव्य आहे का? – एक वडील

नमस्कार,

आधी फोनवाल्याचं बघू, कारण तिथे उशीर परवडणार नाही. त्याला एक पैसाही देऊ नका. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या नियमानुसार खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जायचं तर साधारणपणे वयाची १८ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. अपवाद मोजकेच आहेत. उदाहरणार्थ, फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने आईवडीलच त्या देशात राहायला गेले तर. १५ वर्षांच्या मुलाला ‘करार करून देतो’ म्हणणाऱ्या माणसाला एक तर हा नियम ठाऊक नाही, किंवा तो तुम्हाला ठाऊक नसेल असं त्याने गृहीत धरलंय. शिवाय एजंटाकडे फिफाचा परवाना लागतो आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय त्याला अल्पवयीन खेळाडूशी करार करता येत नाही. एजंटाची कमाई असते ती झालेल्या करारातल्या कमिशनची. आधी पैसे मागणाऱ्याचा धंदा वेगळाच असतो. माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी काहींचे पैसे असेच गेले आहेत, आणि पैशांपेक्षा मुलांचा उमेदीचा काळ त्यात गेला याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता तुमचा खरा प्रश्न. नाही, त्याला मागे ढकललेलं नाही. इटलीचा आंद्रेआ पिर्लो तरुणपणी आघाडीच्या मागे, दहा नंबरच्या जागेवर खेळायचा. २००१ मध्ये ब्रेशा क्लबकडे असताना त्या जागेवर नामवंत रोबेर्तो बाज्जो होता, म्हणून प्रशिक्षक कार्लो माझोने यांनी पिर्लोला बचावफळीच्या पुढ्यात आणलं. पुढे मिलान क्लबमध्ये प्रशिक्षक अँचेलोत्तींनी त्याला तिथेच रुजवलं. २००६ चा विश्वचषक इटलीने जिंकला तेव्हा अंतिम सामन्याचा मानकरी हाच पिर्लो होता. जागा मागे सरकली आणि त्याला अख्खं मैदान दिसायला लागलं.

गोल दिसतो, पास दिसतो. पण मिडफिल्डरचं निम्मं काम चेंडू त्याच्याकडे येण्याआधीच होऊन जातं. म्हणून एक करा. पुढच्या सामन्यात दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका, फक्त मुलाची मान बघा. चेंडू दुसऱ्या कोणाकडे असताना तो डावीकडे, उजवीकडे, खांद्यावरून मागे किती वेळा बघतो? पास त्याच्या दिशेने निघाल्यावर शेवटची एक नजर टाकतो का? पहिला टच मोकळ्या जागेकडे घेतो, की चेंडू आधी थांबवतो आणि मग विचार करतो? नॉर्वेचे संशोधक गेर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचं नेमकं हेच चित्रण करून अभ्यास केला. चेंडू मिळण्याआधी जास्त वेळा आजूबाजूला बघणाऱ्यांचे पुढे दिलेले पास जास्त बिनचूक जातात, असं त्यांना दिसलं. अशी मान फिरवण्यात इंग्लंडचा मिडफिल्डर फ्रँक लॅम्पार्ड अगदी वरच्या क्रमांकावर होता. ही सवय लावून घेता येते, आणि १५ हे वय त्यासाठी उत्तम आहे.

म्हणूनच ट्रायलला किंवा कोणा स्काउटला (क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्याला) व्हिडिओ पाठवायचा असेल तर गोलांच्या तुकड्यांची माळ पाठवू नका. एका मिडफिल्डर मुलीने मला तीन मिनिटांचा फार देखणा व्हिडिओ दाखवला होता. प्रत्येक तुकडा चेंडू तिच्या पायात आल्यावर सुरू होत होता, म्हणजे तिची खरी हुशारी कात्रीखाली गेली होती! आम्ही त्याऐवजी एक अख्खा सामना लांबून, मैदानाची रुंदी दिसेल असा चित्रित केला. तुम्हीही तसंच करा.

अंगाने लहान असण्याबद्दल. फ्रान्सचा मिडफिल्डर एन्गोलो कान्तेला लहान चणीमुळेच मोठ्या अकादमींनी घेतलं नाही. वयाच्या २१व्या वर्षी तो फ्रान्सच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. २०१६ मध्ये लेस्टर क्लबबरोबर आणि २०१७ मध्ये चेल्सीबरोबर त्याने प्रीमियर लीग जिंकली, २०१८ मध्ये विश्वचषक. क्रोएशियाचा मिडफिल्डर लुका मॉड्रिचलाही लहानपणी हायदुक स्प्लिट या क्लबने अंगकाठी बघून नाकारलं होतं. १८व्या वर्षी त्याला उसनवारीवर बोस्नियाच्या धसमुसळ्या लीगमध्ये पाठवलं गेलं. पुढे २०१८ चा बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, त्याने घेतला. हे दोघे अपवाद आहेत हे मी लपवत नाही. पण १५व्या वर्षीची उंची हा अंतिम निकाल नव्हे, एवढं त्यातून नक्की कळतं. मुलाचा जन्म निवडीच्या वर्षाच्या कोणत्या महिन्यातला आहे, तेही बघा. वयोगटाच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात, कारण त्या वयात दहा महिन्यांचा फरक अंगावर दिसतो. तुमचा मुलगा वर्षअखेरचा असेल, तर त्या ट्रायलमध्ये तो जवळजवळ वर्षाने मोठ्या मुलांशी झुंजत होता.

शाळेच्या बाबतीत मात्र मी मुलाच्या बाजूने नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्ये पोचलेल्यांपैकीही बरेच जण खालच्या श्रेणीत, एक-दोन वर्षांच्या करारावर खेळतात. १८ वर्षांखालील खेळाडूशी तर फिफाच्या नियमानुसार तीन वर्षांपेक्षा जास्त करार करताच येत नाही. गुडघ्याचा मुख्य लिगामेंट (एसीएल, हाडं जोडणारा पट्टा) फाटला की बहुधा नऊ महिने किंवा त्याहून जास्त काळ बाहेर बसावं लागतं. तेवढ्यात करार संपू शकतो. सगळं नीट झालं तरी बहुतेकांची कारकीर्द पस्तिशीच्या आसपास आटोपते. मॉड्रिच २०२५ मध्ये, ३९व्या वर्षी, रिअल माद्रिद सोडून मिलानला गेला, तसे फार थोडे. खेळायचे थांबल्यावर मिडफिल्डरना प्रशिक्षक म्हणून चांगला वाव असतो. ग्वार्दिओला, अँचेलोत्ती, देशां, अलोन्सो, अर्तेता हे नामवंत प्रशिक्षक सगळे मधल्या फळीतलेच. पण त्यासाठीही परवान्यांचे अभ्यासक्रम करावे लागतात, वाचावं-लिहावं लागतं.

मुलाला सॉक्रेटिसबद्दल सांगा. १९८२ च्या विश्वचषकात ब्राझीलचं नेतृत्व करणारा हा मिडफिल्डर व्यावसायिक फुटबॉल खेळता खेळता वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टर झाला होता. तुमच्या मुलाला तर फक्त शाळा सांभाळायची आहे. सराव आणि शाळेच्या वेळा जुळत नसतील तर आधी प्रशिक्षकांशी आणि वर्गशिक्षकांशी बोला. हा गुंता बहुधा सुटतो.

प्रशिक्षकांना मात्र एक नेमकं विचारा : ‘याला सहा नंबरला घडवताय, आठला की दहाला?’ बचावफळीसमोर उभं राहून खेळ वाचणारा, दोन्ही पेनल्टी बॉक्सच्या मध्ये सतत धावणारा आणि गोलाच्या तोंडाशी जागा शोधणारा, हे अनुक्रमे सहा, आठ आणि दहा नंबर, तिघेही मिडफिल्डरच. पण तिघांचा सराव वेगळा असतो. धावायला तर सगळ्यांनाच लागतं, वरच्या पातळीवर एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर सहज होतात. प्रशिक्षकांकडे या प्रश्नाचं ठाम उत्तर असेल तर मुलगा चांगल्या हातात आहे असं समजा. ‘बघू, जिथे जागा रिकामी असेल तिथे’ असं उत्तर आलं, तर दुसरा प्रशिक्षक शोधायला मी तुम्हाला मदत करीन.

तोवर येत्या सामन्यात त्या दहा मिनिटांत तो किती वेळा मान फिरवतो ते मोजा. मुलाला आधी सांगू नका, नाहीतर तो तुमच्यासाठी मान फिरवेल. आकडा, त्याचा जन्ममहिना आणि प्रशिक्षकांचं उत्तर, एवढं मला लिहून पाठवा.